शब्दचर्चा: ‘गुन्हेगारी’ घेतात कशी?

पेशवाईतले कागद वाचताना ‘गुन्हेगारी घेतली’ असा प्रयोग भेटला. गुन्हेगारी वाढते, बोकाळते, तिला आळा बसतो. पण ती घेतात कशी? मोडी अजून अडखळत वाचतो, त्यामुळे चूक माझीच असेल.

— चूक नाही. तिथे गुन्हेगारी म्हणजे दंड. वादात हरणाऱ्याने सरकारात गुन्हेगारी भरायची, जिंकणाऱ्याने हरकी. (हो, जिंकूनही खिसा हलका!) फारसी ‘गुनाह’वरून गुन्हा, गुन्हेगार, गुन्हेगारी. आजचा अर्थ मागाहून रुळला.

— मग एखाद्या साली जमेला गुन्हेगारीची रक्कम फुगलेली दिसली, तर त्या साली चोऱ्यामाऱ्या वाढल्या असं धरायचं का?

— इथेच पाय घसरतो. फुगली ती वसुली. कमाविसदार (वसुली करणारा सरकारी अंमलदार) कडक असेल, नाहीतर सरकारला पैशांची निकड असेल. शिवाय दंड कशाबद्दल, तेही बघा. शिंदळकीबद्दल तेव्हा दंड होई. आपल्याकडे व्यभिचाराचं कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं. ‘गुन्हा’ शब्द तोच, पोटातला माल वेगळा.

— कोर्टाचे कागदही असेच फसवतात. लंडनच्या ओल्ड बेलीतल्या खटल्यांचे १६७४ ते १९१३ पर्यंतचे छापील वृत्तान्त आज वाचता येतात. अठराव्या शतकात राहत्या घरातून ४० शिलिंगांचा ऐवज चोरला की फाशीची शिक्षा. मग ज्युरी काय करी? ऐवजाची किंमत ३९ शिलिंग ठरवी, आणि आरोपीची मान वाचे. नुसते आकडे मांडणाऱ्याला वाटावं, लंडनचे चोर ३९ शिलिंगांवर हात आखडता घेत होते!

— आणि जे कोर्टापर्यंत पोचलंच नाही त्याला मराठीत काय म्हणायचं? इंग्रजीवरून केलेला ‘काळा आकडा’ वाचला, पण त्यात काळ्या पैशाचा वास येतो.

— मी ‘बिननोंद गुन्हे’ लिहितो. ‘घडलेला’ आणि ‘नोंदलेला’ हा फरक त्यात आपोआप येतो. खुनाच्या बाबतीत तो फरक त्यातल्या त्यात कमी, कारण प्रेत लपवणं अवघड. इंग्लंडात संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनरांच्या तेराव्या शतकापासूनच्या नोंदी टिकून आहेत; म्हणून लांब पल्ल्याची तुलना करणारे बहुधा खुनापासून सुरुवात करतात.

— सगळ्यांचे आभार. कागद पुन्हा काढला. दोन ओळी खाली ‘हरकी’ आहे. मी ‘हरकत’ वाचून पुढे गेलो होतो.