साडेसतरा वर्षं आणि आईबापाची सही : तुमचे अनुभव सांगा

दादरकर : मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा. अग्निवीरची (सैन्यातली चार वर्षांची भरती) लेखी परीक्षा, धावणं, मेडिकल सगळं पार केलं. अठरा पूर्ण नाहीत म्हणून पालकांची सही हवी, आणि बायको पेन हातात घेत नाही. म्हणते, "मत देता येत नाही, पण रायफल चालते?" अशी सही कुणी केलीय का? किंवा अडवलीय?

भांडुपची आई : मी केली. तेव्हा भीती सीमेची नव्हती, चार वर्षांची होती. शंभरातले पंचवीसच पुढे राहणार, बाकीचे बाविशीत घरी. ती भीती अजून आहे.

निवृत्त सुभेदार, घाटकोपर : आमच्या साताऱ्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट 1 जून ही जन्मतारीख लावायचे. मी कागदावर साडेसतरा, खरा सोळाचा. बेळगावच्या लष्करी ट्रेनिंग सेंटरला रात्री गुपचूप रडायचो. उस्तादाला, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याला, कळलं होतं, बोलला नाही. आता पोरांना सांगतो, आधी दाखल्यावरची तारीख खरी करून घ्या.

कोर्टातली ताई : बालहक्कांच्या केसेस बघते, म्हणून थोडं लांबण. मुलांना युद्धात ओढू नये म्हणून संयुक्त राष्ट्रांचा जो करार आहे, त्यात भारत 30 नोव्हेंबर 2005 ला सामील झाला. आपण लिहून दिलंय की भरतीचं किमान वय 16, भरती स्वेच्छेनेच, आणि 18 पूर्ण झाल्याशिवाय प्रत्यक्ष कारवाईच्या भागात पाठवणार नाही. पालकांची संमती ही त्या करारातलीच अट. सशस्त्र टोळ्यांना मात्र अठराखालचं मूल घ्यायला पूर्ण बंदी. बाल न्याय कायदा 2015, कलम 83 : सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, पाच लाख दंड. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालू नका. तरी सोळा मला कमीच वाटतं.

शिवडीचा कोच : माझ्याकडे पंधरा वर्षांची पोरं येतात. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढायचंय म्हणून डांबरी रस्त्यावर रोज पळून नळीचं हाड दुखवून घेतात. मी परत पाठवतो. ती दुसऱ्या अकॅडमीत जातात, तिथे फी घेऊन पळवतात.

दादरकर : सगळं बायकोला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "ट्रेनिंग किती महिन्यांचं?" म्हटलं, सहा-सात. आता कालनिर्णय उलटून अठरावा वाढदिवस मोजतेय. सही अजून नाही.