अनुभव धागा: नागपुरात परदेशी संस्कृती-माहिती केंद्र उघडायचं तर

पुण्यातलं जर्मन मॅक्स म्युलर भवन किंवा फ्रेंच आलियाँस फ्राँसेज पाहून आलेल्यांना आपल्याकडेही असं काही असावं असं वाटतं. दीक्षाभूमी आणि कामठीचं जपानी देणगीतून उभं राहिलेलं ड्रॅगन पॅलेस बौद्ध मंदिर यांमुळे जपानशी तर नागपूरचा घरोबाच आहे. ज्यांचे हात या कामाला लागलेत त्यांनी लिहावं, टोपणनावाने चालेल. आठवणी नकोत. कागद, मापं आणि काय बिघडतं तेवढं सांगा.

खतावणी

केंद्र कोणाचं, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. मॅक्स म्युलर भवन ही जर्मनीच्या गोएथे इन्स्टिट्यूटचीच शाखा. आलियाँस मात्र ज्या गावात असते तिथली स्थानिक संस्था असते. आपल्याला जमण्यासारखा रस्ता हा दुसरा. किमान ७ सभासद, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदणी, आणि महाराष्ट्रात सोबतच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. तो राहिला की पुढे बँक, भाडेकरार, सगळीकडे जुनीच नावं आडवी येतात.

खरी अडचण पैशाची. परदेशी सरकार किंवा संस्थेकडून आलेली देणगी म्हणजे विदेशी योगदान, आणि ते घ्यायला २०१० च्या एफसीआरए कायद्याची परवानगी लागते. नियमित नोंदणीसाठी संस्था ३ वर्षं जुनी हवी आणि गेल्या ३ आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला हवा. नव्या संस्थेला यातलं काहीच दाखवता येत नाही. म्हणून तिने पूर्वपरवानगी मागावी: ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम आणि देणगीदाराचं लेखी वचनपत्र. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही.

दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाने रुपयांत धनादेश दिला की लोकांना तो देशी वाटतो. देणारा परदेशी, म्हणून पैसाही विदेशीच. दुसरं, भेट म्हणून आलेली पुस्तकं आणि प्रोजेक्टरही योगदानातच मोजले जातात. उद्घाटनाच्या हारतुऱ्यांआधी हे सीएला दाखवा.

ग्रंथपाल, धरमपेठ

जागा बघताना लोक भाडं आणि पार्किंग विचारतात, स्लॅबचं कोणी विचारत नाही. राहत्या घराची फरशी चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधलेली असते. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला ६०० लागतो. हिशोब सोपा आहे. तीन फुटी फळीवर ३० पुस्तकं, म्हणजे २५ किलोच्या आसपास. सहा फळ्यांचा रॅक १५० किलोचा, तोही पाव चौरस मीटर जागेत. तळमजला घ्या, नाहीतर रॅक भिंतीलगत तुळईवर येतील असे लावा. १८ मिलिमीटरची प्लायवूडसारखी दिसणारी भुशाची फळी तीन फुटांत वर्षभरात पोटातून वाकते. लोखंडी रॅकच घ्या, भिंतीपासून सहा इंच लांब. काळ्या मातीत वाळवी मुरलेली असते.

आता कूलर. एप्रिल-मेमध्ये नागपूरची हवा इतकी कोरडी की गोंदाने चिकटवलेल्या परदेशी पुस्तकांचे कणे तडकतात. तेव्हा कूलरचा ओलावा उलट फायद्याचाच. पण जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि कूलर तसाच चालू राहिला, की आर्द्रता ६५ टक्क्यांवर जाते आणि पानांवर बुरशी धरते. पहिला पाऊस पडला की कूलर बंद, पंखे सुरू, दोन खिडक्या समोरासमोर उघड्या. कूलरचा झोत रॅकवर कधीच नको. आर्द्रतामापकाची छोटी डबी रॅकवर ठेवा, अंदाजावर जाऊ नका.

फलकवाला

पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. परदेशातून येणाऱ्या तयार आराखड्यात नेमकं उलटं असतं, म्हणून छापण्याआधीच बदलून घ्या. झेंडे एका ओळीत लावले तर तिरंगा उजव्या टोकाला, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे. दोन्ही सारख्या मापाचे, वेगवेगळ्या काठ्यांवर.

संध्याकाळचे वर्ग

केंद्र चालतं ते भाषेच्या वर्गांवर, प्रदर्शनांवर नाही. युरोपीय भाषेच्या ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीला ८० ते १०० तास धरा. आठवड्याला सहा तास दिले तरी चार महिने जातात. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, तेव्हा तुकड्या तिच्यापासून उलट मोजून लावा. वर्ग साडेसहाला, आणि जागा मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गावर. शंकरनगर किंवा झाशी राणी चौकाजवळ असेल तर हिंगणा रोडकडची पोरं येतात. महाल भागातल्या आतल्या गल्लीत ती येत नाहीत.

परदेशी शिक्षक पर्यटक व्हिसावर पगारी शिकवू शकत नाही. रोजगार व्हिसाला पगाराची किमान अट आहे, पण इंग्रजी सोडून इतर भाषांच्या शिक्षकांना त्यातून सूट मिळते. हे बऱ्याच संस्थांना माहीतच नसतं. पाहुण्याला केंद्राच्या खोलीत ठेवलं तर त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांत ऑनलाइन फॉर्मवर कळवायची (हाच पूर्वीचा सी-फॉर्म).

बर्डीवाला

राजेहो, सगळे झेंडे अन् पुस्तकं बोलून राहिले, माहितीच्या खिडकीचं कोणीच नाही! येणाऱ्यांतले बहुतेक तिथेच उभे राहतात. व्हिसा, शिष्यवृत्ती, नर्सिंगसाठी जर्मन किती लागते, हेच प्रश्न. काऊंटरवर माणूस मराठी अन् हिंदी दोन्ही बोलणारा पायजे. प्रत्येक माहितीपत्रकावर तारखेचा शिक्का मारा. मागच्या वर्षीची शुल्कं वाचून पोरगं अर्ज करते अन् मग भांडण केंद्राशी. अन् एक पक्कं: नोकरी लावून देतो असं तोंडातून काढायचं नाही. परदेशी नोकरभरतीला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याचं नोंदणीपत्र लागते. ‘ओळखीने’ नाव पुढे पाठवणंही अंगावर येऊ शकते.

ग्रंथपाल, धरमपेठ

बर्डीवाले भाऊ, बरोबर. त्यात भर: चित्रपट दाखवायचा तर दूतावासाने डीव्हीडी दिली एवढं पुरत नाही. प्रदर्शनाचा हक्क जागा आणि तारखेसह लेखी हवा, आणि सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला चित्रपट महोत्सवात दाखवायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते.

खतावणी

उद्घाटन मेमध्ये नको, दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाईन्सकडचे रस्ते बंद असतात आणि पोलीस बंदोबस्तही मिळत नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा धरा. पुस्तकांचे खोके त्याआधी दोन महिने मागवा, कारण कस्टममध्ये अडकले तर उद्घाटनाला रिकामे रॅक दिसतात.