वर्षाचे वचन आणि त्यामागचा अध्याय: यिर्मया 29:11

प्रश्न (फतेहगंज, बडोदे)

प्रभूच्या नावाने सर्वांस सलाम. नववर्षाच्या मध्यरात्रीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्या वाटतात, त्यांत यंदा माझ्या थोरल्या जाऊबाईंना जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले 29:11 हे वचन मिळाले: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. पुतण्या बरेच दिवस नोकरी शोधतो आहे, त्यामुळे आमच्या गुजराती मंडळीतल्या कित्येकांनी त्यांना सांगितले की याच वर्षी नोकरी लागणार, हा देवाचा शब्द आहे. जून उलटला तरी नोकरी नाही, आणि आता त्या मला विचारतात की आपलाच विश्वास उणा पडला का. हे वचन आपल्यासाठी आहे की नाही?

उत्तर 1 (कारेलीबाग)

ताई, जाऊबाईंना आधी एवढे सांगा की त्यांचा विश्वास उणा पडलेला नाही. 'याच वर्षी' हे शब्द त्या वचनात कुठेही नाहीत.

29 वा अध्याय हे मुळात एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदा राज्याच्या यरुशलेमेतून जे लोक बाबेलला नेले, त्यांना यिर्मयाने ते यहूदाच्या राजदूतांच्या हाती पाठवले. त्यात तो सांगतो की घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्यानंतर दहाव्या वचनात येते की बाबेलची 70 वर्षे भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन, आणि लगेच पुढे आपले अकरावे वचन. म्हणजे हे आश्वासन प्रथम ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा देह बाबेलमध्येच पडणार होता.

28 वा अध्यायही सोबत वाचावा, असा माझा आग्रह आहे. तेथे हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात सांगतो की दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल, आणि बाबेलच्या अंमलाची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले जू काढून मोडून टाकतो. लोकांना हवे होते तेच तो बोलला, आणि देवाने त्यालाच खोटा ठरवले. मंडळीतल्या माणसांनी मायेपोटीच धीर दिला असेल, पण मुदत घालून दिलेला तो धीर हनन्याच्या बोलण्याच्या फार जवळ जातो.

उत्तर 2 (मांजलपूर)

वरील खुलासा योग्य आहे, तरी मला एक भीती वाटते. असेच वाचत गेलो तर जुना करार केवळ बाबेलच्या बंदिवानांचा इतिहास होऊन बसेल. पूर्वी जे लिहिले गेले ते आपल्या शिक्षणासाठी, धीर आणि आशा मिळावी म्हणून लिहिले गेले, असे प्रेषित पौल नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (15:4) स्पष्ट म्हणतो. दुःखी आईच्या हातातून वचन काढून घेऊ नये.

उत्तर 3 (कारेलीबाग)

काढून घ्यायचे नाहीच. तिच्या हाती संपूर्ण पत्र द्यायचे आहे. वचनांना आकडे फार नंतरच्या काळात पडले. यिर्मयाने लिहिले तेव्हा अकरावे वचन सुटे करून चिठ्ठीवर लिहिण्याची सोयच नव्हती. संपूर्ण पत्र वाचले म्हणजे दिसते की ज्यांची बंदिवासाची शिक्षा अजून संपलेली नाही आणि लवकर संपणारही नाही, अशा लोकांविषयीदेखील देवाच्या मनात हितच आहे. वर्षअखेर नोकरी लागो वा न लागो, हे आश्वासन टिकते. चिठ्ठीवरच्या अर्थाला मात्र डिसेंबरपलीकडे आयुष्य नाही.

यिर्मयाचे हे शब्द पुढे कसे वाचले गेले, हेही शास्त्रातच सापडते. दानीएलाच्या पुस्तकाच्या 9 व्या अध्यायात बाबेलमधला बंदिवान दानीएल यिर्मयाच्या लेखातून 70 वर्षांचा हिशेब समजून घेतो आणि गोणपाट नेसून, उपास करून आपल्या लोकांची पापे कबूल करतो. यिर्मयाच्या पत्रातही बाराव्या आणि तेराव्या वचनांत पुढचे पाऊल हेच आहे: तुम्ही माझा धावा कराल, मला मनापासून शोधाल, तेव्हा मी तुम्हांला सापडेन.

म्हणून ताई, घरच्या प्रार्थनेत 28 व 29 हे दोन्ही अध्याय सलग, सावकाश मोठ्याने वाचा, पुतण्यालाही सोबत बसवा, आणि घरे बांधा, बागा लावा या ओळीवर थोडे थांबून त्याच्याशी बोला. नोकरी लागेपर्यंतचे त्याचे दिवस वाया चाललेले नाहीत, हे त्याने शास्त्रातूनच ऐकणे मला फार गरजेचे वाटते.