विषय: गणपतीचं जेवण नक्की किती वाजता?

मंडळींनो, नमस्कार.

आपल्या इंग्लंडातल्या मंडळाच्या यंदाच्या गणपतीच्या आखणीची मेल इंदूरला, आईकडे बसून वाचली. बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि माझं इन्सुलिन फ्रिजच्या दारात पन्ह्याच्या बाटलीशेजारी. आई ते उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवते, 'जास्त थंड, जास्त चांगलं' म्हणून. गोठलं की ते फेकून द्यावं लागतं, हे तिला रोज नव्याने सांगते.

गेल्या वर्षीचं आत्ता बोलते, तेव्हा धीर झाला नाही. पत्रिकेत जेवण साडेबाराला होतं. मी सव्वाबाराला बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिनची सुई टोचून आले. ते घेतल्यावर वेळेत जेवलं नाही, तर शुगर खाली जाते. ११ वर्षं झाली, पण चारचौघांत टोचायला अजून जमत नाही. मग भाषणं, बक्षिसं, आभार, आभारांचे आभार. 'घालीन लोटांगण'ला पावणेदोन वाजले. घामाने ब्लाउज भिजलेला, हातातली झांज आपोआप वाजत होती. मीटरवर शुगर ३.१, फारच खाली. ग्लुकोजच्या गोळ्या गाडीत राहिलेल्या. पंचामृतासाठी ठेवलेल्या वाटीतली साखर मूठभर तोंडात कोंबली. 'अगं, नैवेद्य व्हायचाय!' हे मागून ऐकू आलं.

पुढचं कुणी पाहिलं नाही. इन्सुलिनवाल्यांना इंग्लंडात कारचं लायसन्स जास्तीत जास्त ३ वर्षांचं मिळतं, आणि नियम कडक. शुगर ४च्या खाली गेली तर गाडी चालवायची नाही. परत ५ वर आली तरी ४५ मिनिटं थांबायचं. तुम्ही खुर्च्या व्हॅनमध्ये भरत होतात, तेव्हा मी पार्किंगमध्ये तेच करत होते.

म्हणणं एवढंच, पत्रिकेत लिहाल ती जेवणाची वेळ पाळा.

– सुदामानगरवाली

*

अगं बेटा,

तेव्हाच सांगायचं ना! तुझी काकू पुढच्याच रांगेत होती. नैवेद्याचं कोण बोललं ते मला ठाऊक आहे, असो.

मीही शुगरवाला, पण गोळ्यांवर, त्यामुळे तास-दीड तास उशीर माझ्या लक्षातही येत नाही. ३.१ म्हणजे नेमकं किती गं? माझं मीटर इंदूरहून आणलेलं, त्यावर सगळं शंभरात.

यंदा आरती आणि नैवेद्य बाराला, जेवण साडेबाराला, भाषणं जेवणानंतर. समितीत एकजण म्हणाले, मग भाषणाला कोण थांबणार? म्हटलं, तोही एक फायदाच.

– रामबागवाले काका

*

काका,

तिकडचं मीटर वेगळ्या एककात मोजतं. १८ने गुणा, म्हणजे तुमच्या मीटरवर ५६. या आकड्यांनी आमच्याकडे रामायण झालंय. पहिल्या वर्षी फोनवर आईला 'आज सात आहे' म्हटलं तर ती रडायलाच लागली. तिच्या हिशोबात ते १२६, अगदी बरं. परवा इथल्या डॉक्टरांनीही माझा तिकडचा तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट पाहून चष्मा काढला. 'अट्ठावन? हे काय?' तिकडचे ५८ म्हणजे इथले साडेसात टक्के.

इथे रात्री साडेदहाला कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मीटरच्या पट्ट्या आणल्या. पैसे खिशातून गेले, पण पाच मिनिटांत काम झालं. तिकडे सूट-पत्र असल्यामुळे औषधाला पैसे पडत नाहीत, पण डॉक्टरांची वेळ मिळवायला सकाळी आठला फोन लावून 'आपका नंबर बारावा' ऐकत बसायचं, अर्थात इंग्रजीत. आणि ऑफिसची ट्रेन ८:१०ची.

याचीही सवय होते. होत नाही ती रात्री तीनची. शुगर खाली गेली की सेन्सरचा अलार्म वाजतो, मी ओट्याशी उभी राहून ज्यूस पिते, मग पंधरा मिनिटं घड्याळ बघत तशीच उभी, आकडा वर येतोय का म्हणून. इथे परवा अलार्म वाजायच्या आत आई दारात उभी. 'तुझा श्वास वेगळा वाटला' म्हणे. मीटर लावलं, ३.८. काकूंना हे सांगू नका, त्या मला तुमच्याकडेच राहायला बोलावतील.

यंदा पंचामृत माझ्याकडे द्या. साखरेची वाटी माझ्याजवळ राहील.

जिरावण, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, कुणाकुणाला हवंय ते रविवारपर्यंत कळवा. बॅगेत सहा किलो जागा आहे, त्यातले दोन शेवेचे.

– सुदामानगरवाली