'आउटडोअर'ला काय म्हणाल? आणि घड्याळाने 'वाट सुटली' म्हणावं का?

शेवंती:
एका विद्यार्थिनीच्या प्रबंधासाठी प्रश्नावली मराठीत करून देतेय. विषय असा, की डोंगरात चालणारी माणसं फोन, जीपीएसचं घड्याळ वगैरे कशी वापरतात. नाशिकजवळच्या अंजनेरी आणि हरिहर किल्ल्यांवर येणारे ट्रेकर आणि पायथ्याचे वाटाडे, दोघांकडूनही ती भरून घ्यायची आहे. पहिल्याच ओळीत अडले. 'मानव-संगणक आंतरक्रिया' एक वेळ लिहून मोकळी होईन, पण त्यापुढचं 'आउटडोअर'? 'मैदानी' म्हटलं की कबड्डी-खोखो. 'बाह्य' म्हटलं की सिव्हिलचा बाह्यरुग्ण विभाग. 'उघड्यावर' लिहिलं तर थेट ग्रामपंचायतीचं हागणदारीमुक्तीचं पत्रक!
दुसरी अडचण. ठरलेल्या मार्गावरून माणूस भरकटला की घड्याळ थरथरतं आणि 'ऑफ ट्रॅक' अशी काहीतरी अक्षरं येतात. ती मराठीत असती तर काय वाचायला आवडेल, असा प्रश्न आहे आणि त्याला चार पर्याय द्यायचेत. सुचवा.

गोदाकाठ:
'मुक्ताकाश' घ्या. मुक्ताकाश रंगमंच सगळ्यांना कळतो, मग मुक्ताकाश आंतरक्रिया का नाही कळणार?

कातळवेडा:
सर, नाटकाचं तिकीट कुठे मिळेल असं विचारतील लोक. सरळ 'डोंगरातलं' लिहा ना.

शेवंती:
तेवढं पुरत नाही. या विषयाची मंडळी २०१८ साली माँट्रियलच्या 'सीएचआय' या मानव-संगणक आंतरक्रियेवरच्या परिषदेत कार्यशाळेला जमली होती. चालणं, पळणं, चढाई, सगळंच ते यात धरतात. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारणारे काकाही आले त्यात.

बागलाणकर:
'घराबाहेरचं'.

शेवंती:
ऑफिसही घराबाहेरच असतं, दादा.

बागलाणकर:
मग 'रानोमाळ'. आमच्याकडे बाहेर म्हणजे रानच.

हर्षवाडीचा_भाचा:
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. माझा मामा पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोकांना हरिहरला नेतो. पाहुणा भलतीकडे वळला की मामा 'चुकलात' कधी म्हणत नाही. 'वाट सुटली बरं का' म्हणतो. वाट चुकली म्हटलं की दोष त्याचा, मग तो शहरातला माणूस हट्टाला पेटतो आणि तसाच पुढे जातो. सुटली म्हटलं की थांबतो. हातातली दोरी सुटली तर माणूस ती पुन्हा धरतो, तसं.

शेवंती:
वा! हा पर्याय नक्की.

कातळवेडा:
भाच्या, मामा समोर उभा आहे, हात करून दाखवतोय, म्हणून ते चालतं. मनगटावर नुसतं 'वाट सुटली' उमटलं तर? सीबीएस बसस्थानकावर 'त्र्यंबक सुटली' म्हणतात तेव्हा गाडी निघालेली असते, चुकलेली नसते. निम्मे लोक समजतील की ट्रॅक सुरू झाला, छान, चला पुढे.

हर्षवाडीचा_भाचा:
हां, हे खरंय 😄

गोदाकाठ:
वाट हा शब्दच किती जुना आणि कसदार आहे बघा. संस्कृत वर्त्मन्, प्राकृत वट्ट, त्यावरून आपली वाट. वाटाड्या, वाटसरू, वाटमारी, आडवाट. एवढं वैभव असताना संदेशही तोलामोलाचा हवा. 'मार्गच्युत' किंवा 'पथभ्रंश'. नेमका अर्थ, संदिग्धता नाही.

कातळवेडा:
वैभव वाटेचं आणि संदेश मार्गच्युत! सर, हरिहरची पहिली पायऱ्यांची रांग आठवा. जवळजवळ उभी. दोन्ही हातांची बोटं पायरीत कोरलेल्या खोबण्यांत, वरून उतरणाऱ्या कुणाचा तरी बूट कपाळाशी, खाली दुसऱ्याचं डोकं. रेनकोटची बाही मनगटावर आलेली. आता घड्याळ थरथरलं. बाही सारायला हात मोकळा नाही, म्हणून ती दाताने ओढायची. काचेवर पाणी. हल्लीचा टचस्क्रीन बोटामुळे विद्युतभारात पडणारा फरक ओळखतो आणि पाणीही तसाच फरक पाडतं, त्यामुळे थेंब पडला तरी त्याला बोट लागल्यासारखं वाटतं. तुम्ही काही न करता दोन पानं उलटून गेलेली असतात. या अवस्थेत 'च्यु' आणि 'भ्रं' वाचायचं? देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. इवल्याशा काचेवर सगळं एकमेकांत मिसळून शाईचा डाग होतो. म्हणून तर अशा घड्याळांना बटणं ठेवतात आणि थरथर वेगवेगळ्या प्रकारची देतात. शब्द आलाच तर जोडाक्षर नको, दोन शब्दांच्या वर नको.

गोदाकाठ:
म्हणजे काचेच्या मापाने भाषा कापायची? दिनांक, महापौर हे शब्दही लोकांना आधी जडच वाटले होते. ते देणारे सावरकर भगूरचे, इथून हाकेच्या अंतरावरचे. आज महापौर म्हणताना कुणाची जीभ अडखळते का?

कातळवेडा:
महापौर म्हणायला पालिकेत खुर्ची असते सर, खोबणी नसते.

येवलेकर:
मधेच तोंड घालतो. 'ट्रॅक'ला मराठीत 'माग' आहे की. माग काढणे, मागावर असणे. पावलांनी मागे सोडलेली खूण ती माग, आणि जीपीएस तेच तर नोंदवतं. 'माग सुटला' लिहा. गाडीचा घोळ नाही.

बागलाणकर:
तू येवल्याचा असून हे म्हणतोस? तुमच्याकडे हातमाग, मालेगावात यंत्रमाग. मालेगावच्या पोराच्या घड्याळावर 'माग सुटला' आलं तर तो घरी फोन लावेल, कारखान्यात काय झालं म्हणून.

गोदाकाठ:
दोन्ही 'माग' मुळात एकच असावेत. मार्गावरून माग. विणताना आडवा धागा नेणारा धोटा ज्या मार्गाने येतो-जातो तो माग.

येवलेकर:
सर, माग म्हणजे अख्खं यंत्र, धोट्याचा रस्ता नव्हे. विणकराच्या घरात वाढलोय, असलं कुणी म्हटलेलं ऐकलं नाही. मूळ सांगायचं तर पुरावा द्या.

गोदाकाठ:
'असावेत' म्हणालो. आहेत असं म्हणालो नाही.

कातळवेडा:
मुळात घड्याळ भरकटलात म्हणतं ते खरं तरी असतं का? हरिहरला पहिला दरवाजा ओलांडून कातळात कोरलेल्या आडव्या वाटेला लागलात की डोक्यावर कातळ, एका बाजूला दरी. अर्धंअधिक आकाश झाकलेलं. जागा ठरवायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात. त्यातही कातळावर आपटून आलेला संदेश उशिरा पोचतो आणि हिशेब बिघडतो. तुम्ही वाटेवरच असता, पडद्यावरचा ठिपका मात्र दरीत. घड्याळालाच खात्री नाही, तर त्याने ठणकावून 'सुटली' काय किंवा 'च्युत' काय, म्हणूच नये.

हर्षवाडीचा_भाचा:
मग 'वाट बघा' लिहा! थांबा पण झालं आणि वाट कुठे आहे ते बघा पण झालं.

शेवंती:
हे भारी आहे. जोडाक्षर नाही, दोष नाही, खोटी खात्रीही नाही.

गोदाकाठ:
श्लेष कवितेत शोभतो, धोक्याच्या सूचनेत नाही. एक जण थांबेल, दुसरा बघत पुढे जाईल.

कातळवेडा:
या एका बाबतीत सरांशी सहमत. धुक्यात 'बघत पुढे' जाणारेच जास्त.

शेवंती:
चौथा पर्याय अजून शोधतेय. तोवर पुढचा प्रश्न तपासाल का? 'घसाऱ्यावर चालताना तुम्ही फोन काढता का?'

हिशेबी:
सीए आहे. वाचून दचकलो. घसारा तर आम्ही फोनवर दरवर्षी काढतो.

कातळवेडा:
😂 साहेब, डोंगरात घसारा म्हणजे सुटी माती-दगडांचा उतार. पाय ठेवला की आपण मातीसकट खाली.

हिशेबी:
किंमत घसरते तोही घसाराच. आयकरात संगणकावर ४० टक्के आणि मोबाइल साध्या यंत्रसामग्रीत धरतात म्हणून १५. आता तुमचं जीपीएसचं घड्याळ संगणक की यंत्र? मानव-संगणक म्हणताय, तर आधी ते ठरवा. माझ्याकडे एका क्लायंटचं बिल आलंय तसलं.

येवलेकर:
घड्याळ दागिन्यात धरा, किंमत बघता.

बागलाणकर:
घसाऱ्यावरून एक शंका. साल्हेरला जाताना सुटी मुरमाड माती लागते, तिला आमच्याकडे नुसता 'मुरूम' म्हणतात. घसारा हा पुण्या-मुंबईच्या ट्रेकरांनी आणलेला शब्द वाटतो.

हर्षवाडीचा_भाचा:
मामाच्या तोंडी आहे घसारा. तो कधी पुण्याला गेलेला नाही.

बागलाणकर:
ट्रेकरांकडूनच उचलला असेल. दर शनिवारी भेटतात की त्याला.

हिशेबी:
आणि आम्ही काय ट्रेकरांकडून उचलला? आमचा त्यांच्याआधीचा आहे.

गोदाकाठ:
घसरणे, घासणे, घसारा. हे एकाच घरातले आहेत का, ते मोल्सवर्थचा शब्दकोश उघडून सांगतो. १८५७ची आवृत्ती आहे माझ्याकडे, माळ्यावर आहे.

येवलेकर:
जपून सर. शिडीवर असताना फोन काढू नका.