सॉफ्टबॉल-बेसबॉलमध्ये टप्पा पडून आलेला चेंडू कॅचरने (बॅटरच्या मागे बसणाऱ्या खेळाडूने) पकडायचा की अडवायचा?

कोणीतरी लिहिलंय की टप्पा पडून येणारा चेंडूही कॅचरने मिटमध्येच (त्याच्या जाड हातमोज्यातच) पकडावा. मला हे अजिबात पटत नाही. तो अडवायचा असतो. दोन्ही गुडघे जमिनीवर, मिट पायांमधल्या फटीत टेकवलेलं, हनुवटी खाली, खांदे पुढे वळलेले. मग चेंडू चेस्ट प्रोटेक्टरवर (छातीच्या कवचावर) आदळून पुढ्यातच पडतो. मान बाजूला वळली की गळा उघडा पडलाच! म्हणून थ्रोट गार्ड (मास्कखालची गळा झाकणारी पट्टी) सरावातही काढू नका, कळकळीने सांगतोय.

मिटबद्दल एवढंच: सॉफ्टबॉलच्या चेंडूचा घेर 12 इंच, बेसबॉलचा जेमतेम 9. बेसबॉलच्या मिटचा खिसा सॉफ्टबॉलच्या चेंडूला अपुरा पडतो, चेंडू बाहेर उसळतो. दोन्ही खेळत असाल तर मिट वेगवेगळी घ्या.