कन्फेशन फादरकडे, पण बांध काकांचा

केळीची_वाडी
ईस्टर जवळ आला की आमच्या वसईत कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, रांगा लागतात. माझे पपाही न चुकता जायचे आणि येताना हलके होऊन यायचे. पण तीस वर्षांपूर्वी त्यांनी काकांच्या वाडीत चार हात बांध सरकवला, तो तिथेच राहिला. काका त्याच मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, दोन बाकं पुढे बसायचे. बोलणं बंद. आता पपा गेले. अन्याय झाला काकांवर, क्षमा मागितली देवाची, केळी मात्र आम्ही खातोय. मग हा संस्कार नेमका कुणाच्या सोयीचा?

नगरची_सून
म्हणूनच आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत फादर मध्ये नसतात. योहानाचं पहिलं पत्र, १:९ : आपली पापं ‘पदरी घेतली’ तर देव क्षमा करतो. पदरी घेणं! या शब्दासाठीच मराठी बायबल वाचावं. पदर आपला, पाप आपलं. कन्फेशनच्या पेटीत जाळीपलीकडे बसलेला माणूस त्यात कशाला?

धर्मशिक्षक_आगाशी
कारण योहानाच्याच शुभवर्तमानात, २०:२३ मध्ये, येशू शिष्यांना सांगतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा होईल. हेही वाचा की!
आता धागाकर्त्याला. संस्काराचं नाव प्रायश्चित्त संस्कार आहे, नुसतं ‘सांगून मोकळं होणं’ नव्हे. चोरलेलं परत करणं ही चर्चची स्पष्ट शिकवण आहे. आणि पपा आत काय बोलले हे तुम्हाला कसं कळलं? बांधाचा विषय त्यांनी काढलाच नसेल. किंवा काढला असेल, फादरांनी ‘परत कर’ सांगितलं असेल आणि पपांनी ते केलं नसेल. फादर ते कुणालाही सांगू शकत नाहीत. गुपित फोडलं तर त्यांनाच बहिष्कृत व्हावं लागतं.
जाळीची पेटी मात्र येशूने दिलेली नाही, हे कबूल. ती सोळाव्या शतकात मिलानच्या चार्ल्स बोरोमेओंनी रुजवली. वर्षातून एकदा तरी कन्फेशन करावं, हा नियमही १२१५ चा.

परळची_नर्स
गुपिताचं कौतुक पुरे. २०१८ मध्ये केरळात ऑर्थोडॉक्स पाद्र्यांवर आरोप झाला की कन्फेशनमध्ये कळलेल्या गोष्टीवरून एका बाईला धमकावून तिचं शोषण केलं. राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करा म्हटलं होतं. नियम कागदावर असतो, गुडघ्यावर बाई असते.

धर्मशिक्षक_आगाशी
बंदीची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली, हेही लिहा. कुणी धर्मगुरू नासका निघाला तर शिक्षा त्याला द्या, संस्काराला कशाला?

परळची_नर्स
तुम्ही पुरुष आहात, पेटीबाहेर येऊन विसरता. मी जाते ती उघड्या बाकावर, समोरासमोर. तेवढंच म्हणायचं होतं.

नगरची_सून
आता आमचंही उणं सांगते, नाहीतर सासरे म्हणतील हिने फक्त कॅथलिकांना धुतलं. आमच्याकडे सभेत आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायला उभे राहणारे ‘मी मोठा पापी होतो’ असं छान सांगतात. कुणाचे पैसे बुडवले ते मात्र सांगत नाहीत. आणि रात्री अंथरुणात देवाला सांगितलेलं पाप फार स्वस्तात सुटतं. देव समोर बसून ‘बांधाचं काय?’ असं विचारत नाही. फादर निदान विचारू तरी शकतात. तरी मी रांगेत उभी राहणार नाहीच.

म्हापशाचा_पाव
गोव्यात याला कुमसार म्हणतात. माझा प्रश्न साधा आहे : बायबलातल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं. मग चार हातांचे सोळा होतात ना? 😀

केळीची_वाडी
सोळा हात दिले तर आमची विहीरच काकांकडे जाईल.
धर्मशिक्षक, तुमचं खरं आहे. आत काय बोलले ते मला माहीत नाही, आणि तेच जास्त खातं. पण मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट कर म्हटलंय. आमच्या घरी अर्पण दर रविवारी गेलं, समेट राहिला.
गेल्या रविवारी मिस्सानंतर मी काकांना गाठलं. ते एवढंच म्हणाले, ‘टेप घेऊन ये.’ पण सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव आहे. तिची सही लागेल, आणि ती म्हणते, पपांचं पाप उकरणारा तू कोण?